दोन कंपन्यांच्या सांध्यावर अडलेलं नेट

सांगलीला माझ्या वहिनी घरून काही छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. टॅली त्यांच्या संगणकावर नाही. ती मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर आहे आणि रिमोट डेस्कटॉप लावून त्या तिथे काम करतात. दिवसा सगळं सुरळीत चालायचं. रात्री जेवणं आटोपून पुन्हा बसल्या की मात्र दाबलेला आकडा पडद्यावर उमटायला वेळ लागायचा. "भावजी, पाच दाबलं की पाच येत नाही, म्हणून पुन्हा दाबते, मग पंचावन्न होतं," असं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा जीएसटी भरायची वीस तारीख जवळ आली होती.

लोकल ऑपरेटरचा मुलगा तीनदा येऊन गेला. त्यानं राउटर बदलला, फायबरचा डबा बदलला, पॅच कॉर्ड बदलली. दरवेळी स्पीड टेस्ट लावून शंभरचे शंभर एमबीपीएस दाखवले आणि गेला. तो खोटं बोलत नव्हता. स्पीड टेस्ट बहुतेक वेळा आपल्याच कंपनीच्या आतल्या किंवा तिच्या अगदी जवळच्या सर्व्हरवर होते. बिघाड होता तो वहिनींची कंपनी आणि डेटा सेंटरची कंपनी जिथे एकमेकींना जोडल्या आहेत तिथे, आणि तिथवर ती टेस्ट पोचतच नव्हती.

हा सांधा कुणाच्याच खात्यात धड मांडलेला नसतो. घरची कंपनी म्हणते आमच्याकडे सगळं ठीक, पलीकडची म्हणते आमच्याकडे सगळं ठीक, आणि दोघींचे आलेख खरोखर ठीक दिसतात. म्हणून पुरावा ग्राहकालाच गोळा करावा लागतो. तो कसा गोळा करायचा, आणि चुकीच्या ठिकाणी बोट कसं ठेवायचं नाही, हे इथे सांगतो. यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. घड्याळ, वही आणि आठवडाभराचा धीर पुरतो.

आधी अंतराचा हिशेब

स्पीड म्हणजे एका सेकंदात किती माल आला. लेटन्सी म्हणजे एक चिठ्ठी जाऊन तिचं उत्तर यायला किती वेळ लागला. ती मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, हा हिशेब पाठच करून ठेवावा. सांगली ते मुंबई रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे चार मिलिसेकंदांच्या आसपास कमीत कमी लागणारच. फायबर सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात १२ ते १५ दिसले तर समाधान मानावं. मुंबईहून सिंगापूरला साठीच्या आसपास लागतात, लंडनला साधारण सव्वाशे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दोनशेच्या बऱ्याच वर. सांगलीहून मुंबईला कुणी ७० मिलिसेकंद दाखवले, तर पॅकेट, म्हणजे ती चिठ्ठी, एकतर कुठे रांगेत उभं आहे किंवा सिंगापूरला जाऊन आलं आहे. दोन्ही गोष्टी रोज घडतात.

दुसरी कशी घडते? सांगलीतल्या दोन शेजाऱ्यांची कनेक्शनं दोन वेगळ्या कंपन्यांची असली, तर एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाणारं पॅकेट बहुधा मुंबईला जाऊन येतं, कारण मोठ्या कंपन्या तिथेच एकमेकींना भेटतात. देशातली वाहतूक देशातच वळावी, ती परदेशात जाऊन परत येऊ नये, म्हणून २००३ साली निक्सी ही ना-नफा संस्था उभी राहिली. आज मुंबईत निक्सीशिवाय डीई-सिक्स आणि एक्स्ट्रीम आयएक्स यांचीही एक्स्चेंज, म्हणजे कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडायच्या जागा, आहेत. पण एक्स्चेंज जवळ असलं म्हणजे दोन कंपन्या तिथे एकमेकींशी जोडलेल्या असतातच असं नाही. हा व्यवहाराचा प्रश्न असतो. बीजीपी, म्हणजे कंपन्यांमधले रस्ते ठरवणारी पद्धत, मिलिसेकंद बघतच नाही. कंपनी आधी आपल्याला पैसे देणाऱ्या ग्राहकाचा रस्ता धरते, मग फुकटच्या पीअरिंगचा, म्हणजे एकमेकींकडून पैसे न घेता केलेल्या थेट जोडणीचा, आणि शेवटी ट्रान्झिटचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यातून पुढे जायला आपण पैसे मोजून घेतलेल्या वाटेचा. तो ट्रान्झिट विकणारा पलीकडच्या कंपनीला सिंगापुरात भेटत असेल तर पॅकेटही सिंगापूरला जातं.

प्रत्येक मोठ्या जाळ्याला एक एएस क्रमांक असतो. बीएसएनएल ९८२९, एअरटेल ९४९८, जिओ ५५८३६, टाटा कम्युनिकेशन्स भारतात ४७५५ आणि जगभरात ६४५३. आपल्या वाटेत यातला कोणता क्रमांक कुठे बदलतो, तो सांधा.

घर आधी तपासा

हे लवकर उरकतं, पण वगळू नका. वाय-फाय बंद करून संगणकाला लॅनची केबल लावा. घरच्या राउटरला पिंग करा, म्हणजे एक चिठ्ठी पाठवून उत्तराला लागलेला वेळ मोजा. उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. वाय-फायवर हाच आकडा २, ४०, ३, ९० असा उड्या मारतो, आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू येत नाही. दुसरं, घरातल्या कुणाचा फोन त्याच वेळी फोटो अपलोड करत नाही ना ते बघा. राउटरमधली रांग भरली की सगळ्यांचंच पिंग वाढतं. वहिनींकडे ही दोन्ही कारणं नव्हती.

एक तपासणी मात्र जरूर करा. मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्याचा हॉटस्पॉट लावून तेच काम त्याच वेळी करून बघा. मोबाइलचं पिंग मुळात थोडं जास्त असतं. पण रात्री नऊला घरचं फायबर अडखळतंय आणि मोबाइलवर तोच सर्व्हर नीट चालतोय, असं झालं तर सर्व्हर निर्दोष सुटला. पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन असेल तर तेही लावून बघावं. व्हीपीएन लावल्यावर नेट जलद झालं, तर बिघाड रस्त्यात आहे याचा तो चांगला संकेत असतो, कारण पॅकेट आता वेगळ्या सांध्यानं गेलं.

ट्रेसराउट वाचायचा कसा

पिंग हे नाव पाणबुडीच्या सोनारवरून आलं. १९८३ साली माइक म्यूस यांनी हा प्रोग्राम लिहिला. आवाज टाकायचा आणि प्रतिध्वनी मोजायचा, इतकंच त्याचं काम. ट्रेसराउट त्याच्या पुढचा. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो. शून्य झाला की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसराउट मुद्दाम १, २, ३ असे आकडे घालून पॅकेटं पाठवतो आणि कोण कोण कळवतं ते ओळीनं मांडतो. विंडोजवर ही आज्ञा ट्रेसर्ट अशा आखूड नावानं आहे. मी स्वतः एमटीआर वापरतो. तो हेच काम सतत करत राहतो आणि सरासरी दाखवतो. विंडोजसाठी विनएमटीआर मिळतो.

वहिनींच्या घरून रात्री नऊ वाजता काढलेला ट्रेस असा होता. पहिली ओळ घरचा राउटर, १ मिलिसेकंद. दुसरी लोकल ऑपरेटर, ३. तिसरी शंभर टिंब चौसष्टनं सुरू होणारा पत्ता, ४. चौथी कंपनीचा पुढचा राउटर, ११. पाचवी १८०. सहावी १२. सातवी दुसऱ्या कंपनीचा राउटर, ८४. आठव्या ओळीत नुसते तारे. नववी आपला सर्व्हर, ८५.

ऑपरेटरच्या मुलानं लगेच पाचव्या ओळीवर बोट ठेवलं: "हे बघा ना, एकशे ऐंशी." इथेच बहुतेकांची चूक होते. प्रत्येक ओळीतला वेळ घरापासून त्या राउटरपर्यंत जाऊन-येऊन लागलेला असतो. पाचव्या राउटरवर खरोखर १८० चा खोळंबा असता, तर त्याच्यातूनच पुढे जाणाऱ्या सहाव्या ओळीत १२ कसे आले असते? पाचवा राउटर पॅकेटं पुढे ढकलतोय झटपट. फक्त आपल्याला उत्तर लिहायला त्याला सवड नाही. राउटरमध्ये पॅकेट पुढे पाठवणारी यंत्रणा वेगळी आणि असल्या चौकशांना उत्तरं देणारा प्रोसेसर वेगळा असतो, आणि ही उत्तरं त्याच्या कामात सर्वात खालच्या पायरीवर असतात. मधल्या ओळीतला पॅकेट लॉस, म्हणजे गळलेली पॅकेटं, आणि आठव्या ओळीतले तारे यांचंही तेच. जी वाढ पुढच्या प्रत्येक ओळीत शेवटपर्यंत टिकते, तीच खरी. इथे ती सातव्या ओळीत सुरू झाली आणि नवव्यापर्यंत टिकली.

आता सावधगिरीच्या गोष्टी. राउटरच्या नावात शहराची खूण असते, बहुधा विमानतळाच्या संकेतातली: बीओएम म्हणजे मुंबई, एमएए चेन्नई, एसआयएन सिंगापूर, एमआरएस मार्से. ही खूण उपयोगी पडते, पण यंत्र हलवल्यावर नाव बदलायचं राहून गेलेलं असतं. नावात सिंगापूर आणि वेळ १२ मिलिसेकंद असेल तर वेळेवर विश्वास ठेवा. सांगलीहून सिंगापूरला जाऊन १२ मिलिसेकंदांत परत येणं प्रकाशालाही शक्य नाही.

सांध्याची नेमकी जागाही फसवते. दोन कंपन्यांना जोडणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांचे पत्ते बहुधा एकीच्याच साठ्यातून दिलेले असतात. त्यामुळे घरच्या कंपनीचा वाटणारा पत्ता खरं तर पलीकडच्या कंपनीच्या राउटरवर बसलेला असू शकतो. म्हणून तक्रारीत "सहाव्या आणि सातव्या ओळीच्या दरम्यान" असं लिहून दोन्ही पत्ते द्यावेत. नेमकी तार कोणती ते त्यांचे इंजिनिअर शोधतील.

आणि सर्वात महत्त्वाचं: ट्रेसराउट फक्त जाण्याचा रस्ता दाखवतो, वेळ मात्र जाण्या-येण्याचा मिळून देतो. सातवा राउटर दुसऱ्या कंपनीचा आहे. तो उत्तर कुठल्या वाटेनं पाठवेल हे त्याची कंपनी ठरवते. जाणारी वाट थेट मुंबईची आणि येणारी सिंगापूरची, असं सर्रास असतं, आणि घरी काढलेल्या ट्रेसमध्ये सिंगापूरचं नावही दिसत नाही. दिसते ती फक्त सातव्या ओळीतली उडी.

डोंगर, पठार आणि सपाट रेघ

मग उडीचं कारण रस्ता आहे की रांग, हे ओळखायचं कसं? घड्याळानं. रस्ताच लांबचा असेल तर पहाटे चारलाही तितकेच मिलिसेकंद लागतात. आलेखावर सपाट रेघ येते. रांग असेल तर लोक नेट वापरतात त्या वेळीच वाढ होते. एखादा स्क्रीनशॉट यातलं काहीच सांगत नाही.

मी एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा संगणक, सांगलीला पाठवला आणि वहिनींनी तो टीव्हीमागे राउटरला जोडून ठेवला. तो दर पाच मिनिटांनी दोनच पत्त्यांना पिंग करत होता: सहावी ओळ आणि सातवी ओळ, सांध्याच्या अलीकडचा राउटर आणि पलीकडचा. ही युक्ती माझी नाही. सॅन दिएगोच्या कायडा या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी २०१४ मध्ये जाळ्यांमधली गर्दी मोजायला हीच रीत वापरली. अलीकडचा सपाट राहिला आणि पलीकडचा वाढला, तर वाढ त्या दोघांच्या मधली.

आठवड्यानं आलेख काढला. सहाव्या ओळीची रेघ चोवीस तास बाराला टेकलेली. सातवी दिवसभर १४, पावणेआठला चढायला लागली, साडेआठला ८५ वर पोचली आणि साडेअकरापर्यंत तिथेच राहिली. मध्यरात्रीनंतर पुन्हा १४. रविवारी चढण दुपारीच सुरू झाली होती. तिचा आकार बघण्यासारखा होता: सुळका नव्हता, कासच्या पठारासारखा सपाट माथा होता. राउटरमध्ये रांगेसाठी जागा ठरावीक असते. रांग भरेपर्यंत वेळ वाढत जातो आणि भरल्यावर वाढायचा थांबतो, कारण त्यापुढची पॅकेटं टाकून दिली जातात. म्हणून सपाट माथा आणि त्याच तासांतला पॅकेट लॉस ही जोडी दिसली की तार तुडुंब भरली आहे असं मी खात्रीनं म्हणतो. वहिनींकडे त्या तीन तासांत तीन टक्के पॅकेटं गळत होती. हे प्रमाण किरकोळ वाटेल, पण गळलेलं प्रत्येक पॅकेट पुन्हा मागवावं लागतं आणि तेवढ्यात बोट पुढची कळ दाबून मोकळं होतं.

असं घडतं ते तांत्रिक अडचणीमुळेच असं समजू नका. अमेरिकेत एम-लॅब या इंटरनेट मोजणाऱ्या प्रकल्पानं २०१४ साली मांडलेल्या मोजमापांत, एकाच कंपनीच्या ग्राहकांना एका ट्रान्झिट कंपनीमार्गे नेट उत्तम आणि दुसरीमार्गे संध्याकाळी रडतखडत, असं महिनोन्महिने दिसलं होतं. त्याचा संबंध त्यांना कंपन्यांमधल्या व्यवहाराशी लागलेला दिसला. तार रुंद करायचा खर्च कुणी करायचा, यावर घोडं अडतं.

कधी कारण पार समुद्रात असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या आणि भारतातून युरोपकडे जाणारं नेट मंदावलं. अशा वेळी पिंग एका क्षणी वर जातं आणि केबल जोडेपर्यंत दिवसरात्र वर राहतं. लंडनला किंवा दुबईला असलेल्या मुलांशी बोलताना आवाज मागे पडायला लागला, तर राउटरची बटणं दाबण्याआधी बातम्या बघाव्यात.

पलीकडून बघणं

एका टोकाचं मोजमाप अर्धंच. वहिनींच्या सर्व्हरवर आम्हाला लॉगिन होतं, म्हणून उलट दिशेचा ट्रेसही काढता आला. तसं लॉगिन नसेल तर पलीकडच्या कंपनीचं लुकिंग ग्लास आहे का बघा. मोठ्या कंपन्या असं पान ठेवतात आणि तिथून त्यांच्या राउटरवरून आपल्याला पिंग किंवा ट्रेस करता येतो. राइप अ‍ॅटलस हा २०१० पासूनचा प्रकल्प. त्यात जगभरच्या लोकांनी घरी छोटे प्रोब लावले आहेत आणि त्यांच्याकडून मोजमाप करून घेता येतं. पीअरिंगडीबीवर कोणती कंपनी कुठल्या एक्स्चेंजवर आहे ते मिळतं.

आम्ही आणखी एक साधी गोष्ट केली. रात्री नऊला घरून सर्व्हरला हजार पिंग पाठवले आणि त्याच वेळी सर्व्हरवर येणारी पॅकेटं मोजली. हजारच्या हजार तिथे पोचली होती. घरी परत आली ९७१. म्हणजे जाणारी वाट मोकळी होती आणि घराकडे येणारी भरली होती. संध्याकाळी लोक बघतात ते व्हिडिओ घराकडेच वाहतात, तेव्हा हे अपेक्षितच. पण याचा अर्थ मोठा होता: पॅकेटं सांध्यावर घराकडे ढकलणारी डेटा सेंटरची कंपनी होती, आणि आम्ही तीन आठवडे घरच्या कंपनीशी भांडत होतो.

तक्रार कशी लिहावी

"नेट स्लो आहे" असं लिहिलं की उत्तर "राउटर रिस्टार्ट करा" असंच येणार. पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे दुसरं उत्तर नसतं. तक्रारीत एवढं असावं: दोन्ही टोकांचे पत्ते, दोन्ही दिशांचे किमान शंभर पॅकेटांचे एमटीआर, चांगल्या वेळेचा एक आणि वाईट वेळेचा एक, तारीख आणि भारतीय वेळ, आठवड्याचा आलेख, आणि कोणत्या दोन ओळींमध्ये वाढ होते ते एका वाक्यात. आपला पत्ता शंभर टिंब चौसष्टच्या घराण्यातला असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यामागचा आतला पत्ता असतो. तेव्हा बाहेर दिसणारा पत्ता आणि ग्राहक क्रमांक दोन्ही लिहा. १८० च्या पाचव्या ओळीचा उल्लेखही करू नका. चुकीची एक ओळ दाखवली की इंजिनिअर उरलेलं वाचत नाही.

डॉकेट नंबर मागून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्रावर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हाच नंबर लागतो. त्याचबरोबर सर्व्हर ज्यांच्याकडे भाड्यानं घेतला आहे त्यांनाही तीच फाइल पाठवा. डेटा सेंटर त्याच्या कंपनीला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतं, त्यामुळे त्याचा फोन वरच्या माणसापर्यंत पोचतो.

आम्ही तसंच केलं. अकराव्या दिवशी दोन ओळींची मेल आली: सांगलीकडची वाहतूक मुंबईतल्या दुसऱ्या जोडणीवर वळवली आहे, तपासून कळवावे. रात्री नऊला सातवी ओळ १४ दाखवत होती. वहिनींचा पाच आता पाचच उमटतो.

या सगळ्यात आमचा सर्वात जास्त वेळ एका गोष्टीपायी गेला. नेट चांगलं होतं तेव्हाचं मोजमाप आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे "आधीपासून एवढंच असेल" या उत्तरावर आमच्याकडे बोलायला काही नव्हतं. तुमचं काम, मुलांचा अभ्यास किंवा दुकान एखाद्या लांबच्या सर्व्हरवर चालत असेल आणि आज ते नीट चालत असेल, तर आजच दुपारी एक आणि रात्री नऊला एक असे दोन एमटीआर काढा आणि तारीख घालून ठेवून द्या.